तीन नंबरची बॅटरी आणि बेरजेचा घोळ : प्रकल्प नोंदी

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

रिमोटच्या विमानाच्या, पावसाळाभर डब्यात बंद असलेल्या चारही लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या आज बाहेर काढल्या. चारी एकाच मापाच्या, तीन सेल, २२०० एमएएच, मास्किंग टेपवर पेनाने नंबर घातलेले. जूनमध्ये ठेवताना प्रत्येक सेल ३.८५ व्होल्टवर आणून ठेवला होता, आज मीटर लावला तर सगळे ३.८२ ते ३.८४ मध्ये. दापोलीच्या पावसात चपलांनासुद्धा बुरशी येते, तेव्हा हे पाहून जीव भांड्यात पडला.

चार्जिंग नेहमीप्रमाणे पडवीत, कडप्प्याच्या लादीवर, शेजारी वाळूची बादली. २.२ अँपिअरला बॅलन्स चार्ज लावला, म्हणजे चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजून सगळे सारखे भरतो. एक आणि दोन नंबर कुरकुरत का होईना, भरल्या. चार नंबर तर गुमान भरली. तीन नंबरने बाराव्या मिनिटाला चार्जर थांबवला: ‘कनेक्शन ब्रेक’. प्लग काढून परत लावला. चार मिनिटांनी तेच. तिसऱ्यांदा लावताना प्लग जरा दाबून धरला तर चालू राहिला, हात काढला की पुन्हा बीप बीप.

वहीत लिहून ठेवतो: तीन नंबर दोन वर्षं जुनी आहे, बहुतेक संपली.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

संपली म्हणायची घाई केली. मल्टिमीटरने बॅलन्स प्लगच्या (प्रत्येक सेल मोजायला दिलेल्या बारीक वायरींच्या प्लगच्या) पिना एकेक करून मोजल्या: ३.९१, ३.९१, ३.९२. असे सेल असलेली बॅटरी मेलेली कशी म्हणायची? खिशातला छोटा सेल मीटर लावला, त्यानेही तेच आकडे दिले. फुगवटा नाही, वास नाही, गरमही होत नाही.

मग संशय चार्जिंगच्या मुख्य वायरवर गेला. चार्जरच्या बाजूचे ४ मिलिमीटरचे बनाना प्लग सैल वाटत होते. त्यांच्या पोटातली स्प्रिंगची पाती दबली होती आणि बोटाने हलवलं तर प्लग भोकात डुगडुगत होता. बाजारातून दोन नवे प्लग आणले आणि एक्सटी-६० (बॅटरीच्या बाजूचा मुख्य प्लग) सुद्धा नवीन सोल्डर केला. एक्सटी-६० ला सोल्डर मारताना मी समोरचा जोडीदार प्लग त्यात खोचून ठेवतो. नाहीतर उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं, पिन तिरकी होते आणि मग तो प्लग जन्मभर घट्ट तरी बसतो नाहीतर सैल तरी. मागे असे दोन वाया घालवले आहेत.

सणाची एवढीच खरेदी. लावून पाहिलं. एकोणीस मिनिटं चाललं आणि पुन्हा ‘कनेक्शन ब्रेक’. चार्जर बंद करून फराळाला बसलो.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताई आणि भाचा आले. भाचा आठवीत आहे. विमान उडवायला मिळेल या आशेने आला होता, हाती लागली बिघडलेली बॅटरी. दुपारी तो चार्जरसमोर मांडी घालून बसला आणि मी आत पानाला चुना लावत होतो, तेवढ्यात हाक आली: “मामा, हे दोघं झोपाळा खेळतायत.”

जाऊन पाहिलं. १ अँपिअरला चार्ज चालू होता आणि पडद्यावर सेलचे आकडे होते: पहिला ४.०६, दुसरा ३.९१, तिसरा ३.९८. पाच-सहा सेकंदांनी पहिला ३.९१, दुसरा ४.०६. तिसरा होता तिथेच. पुन्हा काही सेकंदांनी उलट. मी इतके दिवस बीप वाजल्यावरच पडद्याकडे बघत होतो, मधला खेळ कधी पाहिलाच नव्हता.

“एक सेल भरतो तेव्हा दुसरा रिकामा होतो का?” त्याने विचारलं. पाच सेकंदांत सेल दीडशे मिलिव्होल्ट वर-खाली होत नाही, असं मी म्हणालो. तो कागदावर काहीतरी खरडत होता. “पण मामा, बेरीज तीच येतेय की. चार पूर्णांक शून्य सहा अधिक तीन पूर्णांक एक्याण्णव. उलटं केलं तरी सात पूर्णांक सत्त्याण्णव.”

आठवडाभर हातात मीटर घेऊन फिरत होतो आणि उत्तर आठवीच्या पोराने बेरीज करून दिलं.

आता उकल लिहितो, कारण महिन्याभराने मीच विसरेन. तीन सेलच्या बॅटरीच्या बॅलन्स प्लगला चार पिना असतात. पहिली पहिल्या सेलचं ऋण टोक, दुसरी पहिल्या आणि दुसऱ्या सेलच्या सांध्यावर, तिसरी दुसऱ्या-तिसऱ्याच्या सांध्यावर, चौथी सगळ्यात वरचं धन टोक. म्हणजे दुसरी पिन दोन सेलमध्ये सामाईक आहे, दोन शेतांमधल्या बांधासारखी. बांध सरकला तर एकाची जमीन वाढते तेवढीच दुसऱ्याची घटते, सातबाऱ्यावरची बेरीज तीच राहते.

बांध सरकवतो कोण? चार्जरच. एखादा सेल वर गेलेला दिसला की चार्जर त्या सेलच्या दोन पिनांमधून थोडा प्रवाह एका रेझिस्टरमध्ये जाळतो. माझ्या चार्जरचा हा प्रवाह सेलमागे ३०० मिलिअँपिअर आहे. पिनेचा स्पर्श खराब असला तर या प्रवाहाने त्या स्पर्शातच व्होल्ट पडतात आणि चार्जरला ते सेलचेच वाटतात. पहिला सेल जास्त दिसला म्हणून त्याचा प्रवाह जाळायला घेतला की तो लगेच कमी दिसतो आणि दुसरा जास्त. मग दुसऱ्याचा जाळायला घेतला की उलट. चार्जर स्वतःच्याच सावलीशी भांडत बसला होता. खरा आकडा मधला, ३.९८५. फरक ७५ मिलिव्होल्टचा. भागिले ०.३ अँपिअर म्हणजे पाव ओहम.

मल्टिमीटरला हे का दिसलं नाही तेही उमगलं. त्याचा स्वतःचा रोध १० मेगाओहमच्या घरात, त्यातून प्रवाह जातो तो मायक्रोअँपिअरमध्ये. एवढ्याशा प्रवाहाला पाव ओहम अडवणार काय? रिकाम्या रस्त्यावरून खड्डा चुकवून जाता येतं तसं.

४ नोव्हेंबर

अंदाज झाला, आता पुरावा. मोटर वाइंडिंगच्या दुकानातल्या काकांकडून १० ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंटी रेझिस्टर आणला. “पंख्याला लावतोस?” त्यांनी विचारलं. बॅटरी म्हटल्यावर म्हणाले, “मग पिना बघ आधी. शंभरातल्या नव्वद भानगडी पिनांत असतात.” हे मला त्यांनी आधी का सांगितलं नाही? मी आधी विचारलं नव्हतं म्हणून.

जुळणारा चार पिनांचा नर सॉकेट घेतला, त्याला तुकडा वायर सोल्डर करून रेझिस्टर पहिल्या सेलवर टाकला. प्रवाह ०.३८ अँपिअर. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक प्लगच्या पाठीमागून, वायर आत शिरते तिथे पिनेला टेकवलं आणि दुसरं सॉकेटच्या पिनेच्या बुडाला. म्हणजे मधे फक्त स्पर्श उरला, वायर नाही, सेल नाही.

पहिल्या पिनेवर ४ मिलिव्होल्ट. दुसऱ्या पिनेवर ९६, आणि वायर बोटाने हलकेच ढोसली की १४० पर्यंत उड्या. मग रेझिस्टर तिसऱ्या सेलवर हलवला: तिसऱ्या पिनेवर ६, चौथीवर ४. ९६ ला ०.३८ ने भागलं तर पाव ओहम. काल बेरजेवरून निघालेला आकडाच!

हा बॅलन्स प्लग जेएसटी कंपनीच्या एक्सएच मालिकेचा. तिच्या माहितीपत्रकात नव्या जोडाचा रोध १० मिलिओहमपर्यंत आणि कसोट्यांनंतर २० पर्यंत दिलेला आहे, पिनेमागे ३ अँपिअर. चांगल्या तीन पिना १० ते १६ मध्ये आहेत. दुसरी २५० वर. ती मोडलेलीच धरायची.

याचा धोका नीट लिहून ठेवायला हवा. चार्जर पहिला सेल जास्त समजून दुसऱ्याला भरू देत असेल तर दुसरा सेल खरोखर ४.२० च्या वर जाऊ शकतो, आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसेल. ‘कनेक्शन ब्रेक’ची बीप त्या मानाने भली, ती निदान ओरडते तरी.

६ नोव्हेंबर

प्लग उघडला. एक्सएचच्या प्लगला एका अंगाला बारीक खिडक्या असतात, प्रत्येक खिडकीत पिनेची जिभली अडकलेली असते. टाचणीने ती दाबली की पिन मागून सुटते. एका वेळी एकच पिन काढायची, आणि काढली की लगेच टेप. मी एवढं ठरवूनही दुसरी पिन टेप न लावता लोंबत ठेवली आणि तिसरी काढताना दोघी एकमेकींना चाटल्या. चर्र असा आवाज, पांढरी ठिणगी, आणि एका पिनेच्या टोकावर मोहरीएवढा काळा डाग. या वायरींना फ्यूज नसतो आणि मागे सेल उभा असतो, पाहिजे तेवढा प्रवाह द्यायला तयार. भाचा घरी गेला होता हे बरं झालं, नाहीतर मामाची उरलीसुरली अब्रू गेली असती.

आजोबांचं घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून दुसरी पिन पाहिली. दोन गोष्टी दिसल्या.

एक, तिची जिभली पूर्ण उठलेलीच नव्हती, जवळपास सपाट. त्यामुळे ती खिडकीत अडकत नव्हती. समोरून सॉकेट घुसला की पिन जवळजवळ एक मिलिमीटर मागे ढकलली जात होती आणि टोकाच्या टोकावरच पकड घेत होती. बाकीच्या तिघींच्या जिभल्या ताठ. हा जन्मदोष, कारखान्यातला.

दोन, आतल्या स्प्रिंगच्या ओठावर काळी पूड. गंज म्हणावा तर लाल नाही, आणि कल्हई उडालेल्या पितळी पातेल्याला चढतो तसला हिरवाही नाही. हिरवा थर वायर पंच केली (पिनेत दाबून बसवली) आहे तिथे थोडा होता, तो समुद्राच्या हवेचा. काळी पूड मात्र वेगळी. या पिनांवर कथिलाचा मुलामा असतो, म्हणजे आपली कल्हईच. कथिल मऊ. दोन कल्हईदार पृष्ठभाग एकमेकांवर सतत सूक्ष्म थरथरत राहिले की मुलामा खरवडला जातो, ती भुकटी हवेत ऑक्साइड होते, आणि हे ऑक्साइड कडक असतं आणि वीज वाहू देत नाही. थरथर काही मायक्रॉनचीसुद्धा पुरते.

पण थरथरणार कसं? चार्जर लादीवर स्थिर असतो. विमानात बॅलन्स प्लग तर मोकळाच लोंबतो.

१० नोव्हेंबर, रविवार

मोकळा लोंबत नाही! त्याला बझर असतो.

सकाळी कर्द्याच्या पुळणीवर चार नंबर घेऊन एक फेरी मारली. विमान म्हणजे सनपॅक शीटचा (पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचा) घरगुती ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, ए-२२१२ मोटर. उतरवल्यावर सवयीने बॅलन्स वायरीकडे हात गेला आणि तिथेच थांबलो. एक, दोन, तीन नंबर मी नेहमी व्होल्टेज बझर लावून उडवतो, सेल ३.५ च्या खाली गेला की तो ठणाणा करतो. चार नंबर एरवी जमिनीवरच असते, मोटरच्या चाचण्यांना आणि चार्जरच्या प्रयोगांना. तिला बझर आज पहिल्यांदा लागला. आणि चारच नंबर त्या दिवशी गुमान भरली होती.

बझर हातात घेऊन नीट पाहिला. त्याच्या पिना उघड्या, साध्या, ओळीत नऊ. आठ सेलपर्यंत चालावा म्हणून. चार्जरच्या सॉकेटला भोवती प्लास्टिकची भिंत असते, प्लग तिच्यात सरळच शिरतो आणि सरळच निघतो. बझरला भिंत नाही. माझा चार पिनांचा प्लग एका टोकाला बसतो आणि बाकी बझर बाजूला तिरका लोंबतो. वर प्रोपेलरची थरथर, तीही माझ्यासारख्याने घाईत बॅलन्स केलेल्या प्रोपेलरची. दहा-बारा मिनिटं उड्डाण, दोन वर्षं, जवळजवळ प्रत्येक रविवार. शिवाय काढताना मी बझर वाकवून उपटतो, वायरीला धरून. कबूल.

संध्याकाळी एक आणि दोन नंबरच्या पिना रेझिस्टर लावून मोजल्या. दोन नंबर: काळी वायर ३१ मिलिव्होल्ट, बाकी ठीक. एक नंबर: काळी ६४, लाल २२. टोकाच्या पिना आधी जातात हे पटण्यासारखं आहे, उपटताना वाकडा जोर टोकालाच पडतो. तीन नंबरची मधली पिन जिभलीमुळे गेली.

टोकाच्या पिनेचं लक्षण वेगळं असतं. तिथे शेजारी दुसरा सेल नाही, त्यामुळे झोपाळा दिसत नाही. बॅलन्सचा प्रवाह चालू असताना तो एकच सेल पडलेला दिसतो आणि तीन सेलची बेरीज मुख्य वायरीच्या व्होल्टेजशी जुळत नाही. बेरीज जुळून दोन शेजारी झुलतात तेव्हा मधली पिन, बेरीजच तुटते तेव्हा टोकाची. हे चार्जरच्या झाकणावर कागद चिकटवून लिहिलं.

भाच्याला फोन करून सांगितलं. “म्हणजे बॅटरी वाचवायला लावलेल्या बझरनेच…?” हो रे बाबा, हो.

१३ नोव्हेंबर

दुरुस्तीचे अर्धवट प्रयत्न, नोंदीसाठी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला: ९६ चे ४० झाले, दोन चार्जनंतर परत ८८. चिमट्याने स्प्रिंगचे ओठ दाबले: १२ वर आले, दहा वेळा प्लग आत-बाहेर केल्यावर ५०. एकदा फाकलेली स्प्रिंग धरून राहत नाही. भाच्याने पॉलिश पेपर सुचवला होता. तो मुद्दाम टाळला, उरलीसुरली कल्हई निघून खालचा धातू उघडा पडला असता आणि कर्द्याच्या खाऱ्या हवेने त्याची चटणी केली असती.

पिना नव्या पंच करायचा विचार होता. पण या मापाचा पंच माझ्याकडे नाही, आणि पक्कडीने दाबलेली पिन म्हणजे पुढच्या वर्षीची नोंदवही.

१७ नोव्हेंबर, रविवार

तीन सेलच्या तयार बॅलन्स एक्स्टेन्शन वायरी मागवल्या होत्या, सिलिकॉनच्या, २२ गेज. त्यांचे मादी प्लग कापून बॅटऱ्यांना जोडले. पद्धत: एक वायर काप, सोल्डर मार, उष्णतेने आवळणारी नळी चढव, मगच दुसरीला हात लाव. चारही वायरी एकदम कटरने कापल्या तर कटरचं पातंच दोन सेलना शॉर्ट करतं. आणि सांधे एका रेषेत न घेता प्रत्येक वायर बोटभर मागे-पुढे कापली, नाहीतर चार गाठी एकाच जागी येऊन जाडजूड होतं आणि नळी फाटली तर गाठ गाठीला भिडते. तीन बॅटऱ्यांना दीड तास लागला, त्यातला अर्धा वेळ नळ्या वेळेवर वायरीत ओवायला विसरण्यात.

मोजणी: तीन नंबर, चारही पिना ४ ते ५ मिलिव्होल्ट. चार्जला लावली. पडद्यासमोर मी स्वतः मांडी घालून बसलो. ४.२०, ४.१९, ४.२०. झोपाळा बंद. शेवटी मीटरने पाठीमागून पडताळलं, तेच आकडे.

बझरचं काय? काढून टाकणं परवडणार नाही, सेल ३ व्होल्टखाली गेला तर बॅटरीच जाते. उरलेल्या एक्स्टेन्शनचा दहा सेंटिमीटरचा तुकडा बझरला कायमचा जोडला, बझर डक्ट टेपने विमानाच्या पोटात घट्ट बसवला, आणि आता बॅटरीचा प्लग त्या तुकड्याच्या भिंतीवाल्या सॉकेटमध्ये जातो. झिजायचं ते तुकड्याने झिजावं, तो बदलता येतो. प्लग धरायला प्लास्टिकची क्लिपही बसवली, म्हणजे वायरीला धरून ओढायची सोयच नाही.

१ डिसेंबर, रविवार

दोन आठवड्यांत तीन नंबरची सहा चार्ज-उड्डाणं झाली, दुसऱ्या पिनेवर ५ मिलिव्होल्ट. दोन नंबरही सुधारली.

एक नंबर नाही. नवा प्लग लावूनही भरल्यावर तासाभराने पहिला सेल बाकीच्यांपेक्षा उतरलेला. ४.०० वर आणून मोटारसायकलचा २१ वॅटचा बल्ब लावला: दुसरा-तिसरा ३.९८ वर राहिले, पहिला ३.८६. बोटाने दाबल्यावर त्या बाजूला किंचित उशीसारखं लागतंय, महिन्यापूर्वी नव्हतं. काळ्या पिनेमुळे तो सेल वर्षभर जास्त भरला गेला असावा, पण मार्चमध्ये ही बॅटरी नाकावर आपटलीही होती, तेव्हा खापर कोणा एकावर फोडता येत नाही. काही असो, ही आता उडणार नाही.

दुपारपासून अंगणात वाळूच्या बादलीवर ठेवली आहे, बल्ब लावलेलाच. शून्यावर आली की मुख्य वायरी एकमेकींना जोडून टेप मारायची आणि पुढच्या पुणे खेपेत ई-कचऱ्यात द्यायची. आईने दोनदा विचारलं, भरदुपारी अंगणात दिवा कशाला? आता तो पिवळा पडलाय, तार लालसर दिसतेय. रात्री जेवण झाल्यावर मीटर लावून बघतो.